मोटारीच्या रंगावरील सिरॅमिक लेप : शेतकऱ्यानें त्यावर पैसा घालावा काय?

अलीकडे शेतकऱ्याच्या दारांत बैलगाडीची जागा पिकअपनें घेतली आहे, आणि बऱ्या स्थितींतील कुटुंबांत तिच्या जोडीस लहान मोटारहि आली आहे. यांपैकीं पुष्कळ वाहनें कर्जाऊ रकमेनें घेतलेलीं असतात. हप्ते पांच-सात वर्षें चालतात, व ते फिटेपर्यंत आणि त्यानंतरहि कांहीं वर्षें वाहन धड राहिलें, तरच तो व्यवहार किफायतीचा ठरतो. असें नवें वाहन ताब्यांत घेतांना विक्रेता आणखी एक गोष्ट सुचवितो. रंगावर सिरॅमिक लेप देऊन घ्या, म्हणजे ऊन, पाऊस किंवा खारी हवा कशाचीहि भीति नाहीं, असें तो सांगतो. या लेपास शहरांतील दुकानांत लहान मोटारीमागें साधारणतः दहा-पंधरा हजारांपासून चाळीस-पन्नास हजार रुपयांपर्यंत आकार पडतो.

हा खर्च करावा कीं न करावा, याचा विचार प्रस्तुत लेखांत केला आहे. आमचें मत आरंभींच सांगतों. हा लेप रंगाची चकाकी राखतो. पत्रा राखीत नाहीं. आणि महाराष्ट्रांतील कडक हवेंत, विशेषतः शेतीच्या कामांत, वाहन निकामी होतें तें पत्रा कुजल्यामुळें. म्हणून पैसा अगोदर कोठें घालावा, हा प्रश्न लेपाच्या प्रश्नाहून मोठा आहे.

रंगाची रचना

पत्र्यावर एकच रंग असतो, अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुतः तेथें बहुधा चार थर असतात. पत्रा प्रथम फॉस्फेटच्या द्रावणानें तयार करून घेतात. नंतर सगळा सांगाडा रंगाच्या हौदांत बुडवून विजेच्या प्रवाहानें त्यावर पहिला थर बसवितात. ही पद्धति १९६० नंतरच्या दशकांत मोटारींच्या कारखान्यांत रूढ होऊं लागली. गंजास आडवा येणारा मुख्य थर तो हाच. त्यावर अस्तर, अस्तरावर डोळ्यांस दिसणारा रंग, आणि सर्वांच्या वर वार्निशासारखा निर्मळ, बिनरंगी थर असतो.

या सर्व थरांची मिळून जाडी साधारणतः १०० ते १३० मायक्रॉन भरते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केंस सुमारें ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे हा सगळा रंग दोन केंसांएवढाहि जाड नसतो. त्यांतील वरचा बिनरंगी थर ४० ते ५० मायक्रॉनांचा असून, सूर्याचे अतिनील किरण शोषणारीं द्रव्यें त्यांत मिसळलेलीं असतात. तो झिजला कीं खालचा रंग उन्हांत लवकर विटतो.

लेप म्हणजे काय

सिरॅमिक या शब्दावरून चिनी मातीच्या बरणीवरील झिलईची आठवण होते. परंतु येथें भट्टी नाहीं व मातीहि नाहीं. वाळू व कांच ज्या सिलिकॉनपासून झालेलीं आहेत, त्याच सिलिकॉनचीं संयुगें उडून जाणाऱ्या द्रावकांत मिसळून लहानशा कुपींत भरलेलीं असतात. तीं फडक्यानें रंगावर पसरलीं कीं द्रावक उडून जातो, हवेंतील ओलाव्यामुळें संयुगें परस्परांस जोडलीं जातात, व बिनरंगी थरास घट्ट धरून बसतात. असा तयार झालेला लेप बहुधा एक-दोन मायक्रॉनांचा, व पुष्कळदां त्याहूनहि पातळ असतो.

या लेपाचे गुण नाकारण्यासारखे नाहींत. त्यावर पाणी पसरत नाहीं, थेंब होऊन ओघळतें. चिखल व धूळ कमी चिकटते व धुण्यास श्रम कमी पडतात. पांखरांच्या विष्ठेचा व झाडांच्या चिकाचा डाग रंगांत मुरण्यास थोडा अधिक वेळ लागतो, तेवढ्यांत तो धुतां येतो. मेणाची चकाकी कांहीं आठवडे किंवा फार तर दोन-तीन महिने टिकते. चांगला लेप दोन-तीन वर्षें टिकतो. इतकें त्याचें काम, आणि तें तो नीट करतो. तक्रार आहे ती त्याच्या नांवावर सांगितल्या जाणाऱ्या इतर गोष्टींविषयीं.

"९एच" या शब्दाचा अर्थ

लेपाच्या जाहिरातींत "९एच कठिनता" हे शब्द बहुधा असतात. ग्राहकास वाटतें कीं हिऱ्याच्या १० या आंकड्याखालोखाल ही कठिनता असावी. तसें नाहीं. हें माप पेन्सिलीचें आहे. मऊ पेन्सिलीपासून कठीण पेन्सिलीपर्यंत एकेक पेन्सिल ठरलेल्या दाबानें रंगावर ओढून कोणती ओरखडा पाडते हें त्यांत पाहतात, आणि ९एच ही त्या मालिकेंतील सर्वांत कठीण पेन्सिल होय. खनिजांच्या कठिनतेच्या मापाशीं, ज्यांत हिरा १० व गारगोटी ७ आहे, त्याचा संबंध नाहीं. रस्त्यावरील धुळींत गारगोटीचेच बारीक कण असतात. कोरड्या फडक्यानें धूळ पुसली कीं हे कण लेपावरहि ओरखडे पाडतात. सकाळीं उठून गाडी कोरडी पुसण्याची जी चाल आहे, ती चालू ठेवून लेपावर पैसा घालणें म्हणजे एका हातानें देऊन दुसऱ्या हातानें काढून घेणें होय. तसेंच, पुढच्या ट्रकाच्या चाकाखालून उडणारा खडा एक-दोन मायक्रॉनांच्या लेपास जुमानीत नाहीं. खड्यापासून रक्षण करण्यास १५० ते २०० मायक्रॉन जाडीची पारदर्शक फिल्म चिकटवावी लागते. तिचा खर्च लेपाहून पुष्कळ अधिक आहे.

विदर्भ-मराठवाड्याचें ऊन

चंद्रपूर, ब्रह्मपुरी या बाजूस मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या वर जातो, व उन्हांत उभ्या असलेल्या काळ्या पत्र्यावर हात ठेववत नाहीं. या उष्णतेनें लेप वितळत नाहीं, हें खरें. परंतु रंगाचा नाश मुख्यत्वें अतिनील किरण करतात, आणि शुद्ध सिलिका अतिनील किरणांस फारशी अडवीत नाहीं. किरण शोषणारें द्रव्य लेपांत मिसळलें, तरी एका मायक्रॉनांत तें मावणार किती? तें काम वरचा बिनरंगी थरच करीत असतो.

दुसरी अडचण पाण्याची. या भागांत गाडी बहुधा बोअरच्या पाण्यानें धुतात, व तें पुष्कळ ठिकाणीं क्षारयुक्त असतें. लेपावर पाण्याचे थेंब राहतात, तापल्या पत्र्यावर ते तेथेंच आटतात, व प्रत्येक थेंबाच्या जागीं चुन्याचा पांढरा ठिपका उरतो. अळवाच्या पानावरचें पाणी पानास न भिजवितां निघून जातें. मोटारीच्या सपाट टपावरचें पाणी मात्र तेथेंच बसतें. म्हणून लेप असो वा नसो, गाडी सावलींत, पत्रा थंड असतां धुवावी व लगेच मऊ, ओलसर फडक्यानें टिपून घ्यावी. आणि ऊन टाळण्यास सावलीसारखा दुसरा उपाय नाहीं. लेपाच्या रकमेंत बांबू व पत्रे यांचा साधा मांडव पुष्कळ ठिकाणीं उभा राहतो, व तो लेपाहून अधिक वर्षें टिकतो. झाडाची सावली मात्र चीक व पांखरें यांमुळें तितकी चांगली नव्हे.

कोंकणची खारी हवा

किनाऱ्यालगत समुद्राचे बारीक तुषार वाऱ्याबरोबर येतात, व रत्नागिरीसारख्या ठिकाणीं वर्षास तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. मीठ आणि ओल एकत्र आलीं कीं लोखंडास गंज चढणें ठरलेलेंच. पण हा गंज कोठून सुरू होतो हें गाडीखालीं वांकून पाहावें. चाकांवरच्या कमानीच्या आंतल्या बाजूस, दाराच्या खालच्या काठांत, जोड दिलेल्या जागीं, हौद्याच्या तळाखालीं आणि खड्यानें रंग उडालेल्या टिपक्यांत तो प्रथम दिसतो. लेप देणारा माणूस यांपैकीं एकाहि जागीं हात लावीत नाहीं. तो टप, बॉनेट व दारें यांच्या बाहेरच्या अंगास, म्हणजे जेथें रंग अभंग आहे तेथेंच, लेप देतो. मासळी वाहणाऱ्या पिकअपमध्यें तर बर्फाचें खारें पाणी हौद्याच्या फटींतून खालीं झिरपत असतें. तेथें बाहेरची चकाकी काय कामाची?

खतें व औषधें

समुद्रापासून शेंकडों मैल दूर असलेल्या शेतकऱ्यानें निश्चिंत राहावें असें नाहीं. म्यूरेट ऑफ पोटॅश या खतांत वजनानें जवळजवळ निम्मा भाग क्लोराइड असतो, आणि मिठांतील लोखंड खाणारा भागहि क्लोराइडच होय. अमोनियम सल्फेटहि ओल लागतां पत्र्यास अपाय करतें. फाटक्या गोणींतून सांडलेलें खत हौद्याच्या कोंपऱ्यांत किंवा रबरी चटईखालीं राहिलें, कीं पहिल्या पावसांत त्याचें द्रावण होतें.

मोरचुदाचें उदाहरण सर्वांच्या माहितीचें आहे. १८८५ सालीं फ्रान्समध्यें मिलार्दे यानें बोर्डो मिश्रण पुढें आणलें, तेव्हांपासून द्राक्ष व सुपारीचे बागाईतदार मोरचूद वापरीत आले आहेत. तो लोखंडी भांड्यांत कालवूं नये, हें प्रत्येक बागाईतदार जाणतो. कारण लोखंड विरघळतें व त्यावर तांबें बसतें. परंतु तीच गळकी टाकी पिकअपच्या उघड्या पडलेल्या पत्र्यावर ठेवतांना हा नियम विसरला जातो.

अगोदर काय करावें

पुढील गोष्टी स्वस्त आहेत व त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे.

पहिली, खत, मासळी किंवा औषध वाहिल्यावर त्याच दिवशीं हौदा व गाडीचा तळ गोड्या पाण्यानें धुवावा. किनाऱ्यावरील गाडीचा तळ आठवड्यांतून एकदां तरी धुवावा.

दुसरी, दारांच्या खालच्या काठास पाणी निघून जाण्यासाठीं भोकें असतात. चिखलानें तीं बुजलीं कीं दारांत पाणी सांचतें. लांकडी काडीनें तीं मोकळीं ठेवावीं.

तिसरी, खड्यानें रंग उडाला तर तो ठिपका आठ दिवसांच्या आंत घासून, अस्तर व रंग लावून बुजवावा.

चौथी, नव्या गाडीच्या तळास गंजरोधक लेप व पोकळ भागांत मेणयुक्त द्रव्य देऊन घ्यावें. दरवर्षीं पावसाळ्यापूर्वीं तें तपासावें. कारण तळाचा लेप तडकून त्याखालीं पाणी शिरलें, तर तो गंज झांकून ठेवतो. जुनें इंजिन तेल तळास फांसण्याची चाल सोडावी. तें रबरी भागांस अपाय करतें, ब्रेकवर गेल्यास धोका होतो, व धुतलें कीं आपल्याच जमिनींत जातें.

पांचवी, गाडी मोकळ्या हवेच्या छपराखालीं ठेवावी. कोंकणांत ओली गाडी बंद खोलींत ठेवणें किंवा तिच्यावर प्लॅस्टिकचा ताव घट्ट गुंडाळणें म्हणजे ओल कोंडून ठेवणें होय.

लेप कोणीं घ्यावा

पिकअप, ट्रॅक्टर व ट्रॉली यांस लेपाची जरूरी नाहीं. ज्या जुन्या गाडीचा बिनरंगी थर सोलूं लागला आहे, तिलाहि त्याचा उपयोग नाहीं. वरील पांच गोष्टी झाल्यावर ज्याच्या हातीं पैसा उरतो, ज्याची मोटार नवी व गडद रंगाची आहे, आणि जो ती स्वतः रीतसर धुणार आहे, त्यानें लेप घेण्यास हरकत नाहीं. मात्र हिशेब मांडून घ्यावा. चोवीस हजारांचा लेप तीन वर्षें टिकला, तर वर्षास आठ हजार पडले. त्या मानानें मेणाचा डबा अगदींच थोडक्यांत मिळतो. तीन-चार महिन्यांनीं एकदां घरच्या माणसानें मेण लावलें, तर चकाकीचा बराचसा भाग राखला जातो. श्रम तेवढे अधिक पडतात.

लेप घ्यावयाचाच झाला, तर तीन गोष्टींची चौकशी करावी. लेपापूर्वीं रंग घासून किती पातळ करणार, हें विचारावें. कारण प्रत्येक घासणीस बिनरंगी थराचा कांहीं अंश जातो व तो पुन्हां भरून येत नाहीं. कुपी आपल्यासमोर फोडावयास सांगावी. पाण्याचे थेंब होतात एवढ्यावरून खात्री मानूं नये, साध्या मेणावरहि थेंब होतात. आणि हमीपत्र सही करण्यापूर्वीं सबंध वाचावें. पांच वर्षांच्या हमीस पुष्कळदां अशी अट असते कीं ठराविक मुदतीनें पैसे भरून गाडी त्याच दुकानीं आणावी. तो खर्च पहिल्या रकमेंत मिळवून, मगच लेप परवडतो कीं नाहीं हें ठरवावें.