पदराच्या गाठीची किल्ली

“ताई, हे मुकादमाच्या कानावर जायला नको. पुढच्या साली उचल मिळायची न्हाई.” बीड जिल्ह्यातल्या एका ऊसतोड बाईनं कोपीच्या दारात बसून हे सांगितलं, तेव्हा रेकॉर्डर चालूच होता. गर्भाची पिशवी काढलेल्या बायकांच्या अशा मुलाखतींची 140 जीबी ध्वनिमुद्रणं माझ्या पोर्टेबल हार्ड डिस्कवर होती. फोल्डर ‘हिडन’ केलेलं, लॅपटॉपला पासवर्ड. एवढं पुरे असं मी धरून चालले होते.

एकदा प्रिंट काढायला डिस्क झेरॉक्सच्या दुकानात नेली. मुलानं केबल जोडली आणि लपवलेलं फोल्डर त्याच्या पडद्यावर फिकट रंगात, पण स्पष्ट दिसलं. आत गावांची नावं, बायकांची नावं. लॅपटॉपचा पासवर्ड लॅपटॉपच्या दाराशी बसलेला असतो. डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडली की तो कामाचा नाही. मजकूरच कूटबद्ध करायला हवा होता.

त्याच रात्री बसले. माझं विंडोज ‘होम’ आवृत्तीचं. त्यात विंडोजच्याच बिटलॉकर या सोयीनं नवी डिस्क कुलूपबंद करता येत नाही. म्हणून व्हेराक्रिप्ट हे सॉफ्टवेअर घेतलं. ते मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. डिस्कवर 200 जीबीची एक मोठी फाइल बनवायची, तीच पेटी. डिस्क एनटीएफएस होती ते बरं. फॅट32 असती तर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल मावलीच नसती. कूटपद्धत एईएस निवडली, 2001 मध्ये अमेरिकेनं मानक म्हणून स्वीकारलेली.

मग पासवर्ड. वीसपेक्षा कमी अक्षरं दिली की व्हेराक्रिप्ट टोकतं. मी रोमन लिपीत पाच मराठी शब्द घेतले, एकमेकांशी काही संबंध नसलेले. पुढच्या खिडकीत माउस वेडावाकडा फिरवायचा असतो. त्या हालचालींतून किल्लीसाठी यादृच्छिकता गोळा होते. खालची पट्टी लाल होती, ती हिरवी होईपर्यंत मी हात थांबवला नाही.

पेटी उघडताना क्षणभर थांबावं लागतं. नेहमीच्या सेटिंगमध्ये पासवर्डवर 5 लाख वेळा गणित होतं, तेव्हा कुठे किल्ली तयार होते. मला ते क्षणभराचं थांबणं, पण लाखो अंदाज मारून बघणाऱ्याला प्रत्येक अंदाजाला तेवढंच गणित करावं लागतं.

मुलाखती पेटीत उतरवल्या, काही मध्येमध्ये ऐकून तपासल्या. जुन्या प्रती डिलीट केल्या, पण चकतीच्या डिस्कवर डिलीट केलेलं परत काढता येतं. म्हणून विंडोजच्या सायफर आदेशानं मोकळी जागाही पुसून घेतली. पेटीची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवली; कुलूप चोरापासून राखतं, डिस्क बिघडण्यापासून नाही.

पासवर्ड विसरला, तर तो परत मिळवून देणारं कुणी नाही. तो कागदावर लिहून, पाकीट चिकटवून या कामातल्या सहकारी मैत्रिणीकडे दिला. डिस्क माझ्याकडे, पाकीट तिच्याकडे.

कोपीच्या दारात बोललेली ती ऊसतोड बाई ट्रंकेची किल्ली पदराच्या गाठीला बांधायची. पाणी आणायला उठली, तरी आधी ट्रंक लावायची. माझी पेटीही उघडी असेपर्यंत तिच्यातल्या फाइली लॅपटॉपवर बसणाऱ्या कुणालाही वाचता येतात, मग पासवर्ड कितीही लांब असो. म्हणून आता चहाला उठतानाही मी आधी ‘अनमाउंट’ दाबून पेटी बंद करते.