मागूर माशाची पिल्ले : पहिले बारा दिवस जपा



आपला बीड जिल्हा कमी पावसाचा. शेततळे आषाढ-श्रावणात भरते आणि फाल्गुन-चैत्रात तळाला जाते. पाणी आटून गढूळ झाले की रोहू, कटला वर येऊन तोंड उघडझाप करतात आणि दगावतात. अशा पाण्यात देशी मागूर मात्र तग धरतो, कारण त्याला कल्ल्यांबरोबर हवेतून श्वास घेण्याचे वेगळे इंद्रिय असते. म्हणून अनेकांना वाटते, मागूर म्हणजे चिवट मासा, त्याला काय होतंय?

आणि इथेच घात होतो. मोठा मागूर चिवट, पण त्याचे पिल्लू फार नाजूक. हवेतून श्वास घेण्याचे इंद्रिय पिल्लाला जन्मतः नसते. अंड्यातून बाहेर आल्यावर साधारण 10 ते 12 दिवसांनी ते कामाला लागते. तोपर्यंत पिल्लू पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवरच जगते. पाणी खराब झाले की एका रात्रीत सगळी पिल्ले तळाशी पांढरी पडलेली दिसतात, आणि बियाण्याचे पैसे व तळ्याचा हंगाम दोन्ही जातात. म्हणून हे बारा दिवस घरात, डोळ्यांसमोर काढावेत. त्यासाठी काचेची एक लहान पेटी पुरते.

पेटी आणि पाणी

दोन फूट लांब व एक फूट रुंद पेटी घ्यावी. पाणी किती भरावे? काठोकाठ मुळीच नाही. फक्त चार बोटे, म्हणजे 8 सेंटिमीटर. एवढ्यात चौदा-पंधरा लिटर पाणी बसते. बारा दिवसांनंतर पिल्लांना हवेसाठी वर यावे लागते. पाणी खोल असले तर तळापासून वर येता-येता ती दमतात.

बोअरचे पाणी थेट ओतू नये. त्यात प्राणवायू कमी असतो. ते उंचावरून दुसऱ्या भांड्यात ओतावे आणि एक दिवस उघडे ठेवावे. नळाच्या पाण्यात टी.सी.एल. पावडर टाकलेली असते. ते दोन दिवस उन्हात उघडे ठेवावे. पाण्याचे तापमान 27 ते 30 अंश असावे. पेटी घरात, थेट ऊन आणि गार वारा लागणार नाही अशी ठेवावी. पेटीचा अर्धा भाग पोत्याने झाकावा. मागूर हा रात्री हिंडणारा मासा आहे, पिल्लांना अंधार आवडतो.

हवा सोडणारा लहान पंप लावावा, पण बुडबुडे मंद ठेवावेत. जोराच्या प्रवाहात पिल्लांची शक्ती वाया जाते. वीज गेली तर? तांब्याने पेटीतलेच पाणी घेऊन वीतभर उंचीवरून बारीक धारेने कडेला सोडत राहावे. घरातल्या पोरांना हे काम शिकवून ठेवा.

किती पिल्ले सोडावीत?

एक चौरस मीटर तळाला दोन ते तीन हजार पिल्ले हे प्रमाण जाणकार सांगतात. तेही हवेची व पाण्याची चांगली सोय असेल तेव्हा. आपल्या पेटीचा तळ चौरस मीटरच्या पाचव्या हिश्श्याहूनही थोडा कमी आहे. म्हणून 300 पिल्ले पुरेत. लोभाने हजार सोडली तर हजारही जातील.

पिशवी आणल्यावर ती न सोडता पंधरा-वीस मिनिटे पेटीच्या पाण्यावर तरंगत ठेवावी. मग पेटीतले थोडे-थोडे पाणी पिशवीत घालावे आणि शेवटी पिल्ले आपोआप बाहेर पडू द्यावीत.

खाऊ केव्हा आणि कोणता?

अंड्यातून निघालेले पिल्लू अवघे 5 मिलिमीटरचे असते. त्याच्या पोटाशी पिवळ्या बलकाची पिशवी असते. पहिले तीन दिवस त्याला तोच शिधा पुरतो. या काळात बाहेरचे काही देऊ नये, दिलेले फक्त कुजते. चौथ्या दिवशी पिशवी संपत येते आणि पिल्ले तोंड हलवू लागतात. त्या दिवसापासून खाऊ सुरू करावा. उशीर केला तर उपासमारीने मरतात.

सर्वांत चांगला खाऊ जिवंत. पिल्ले आणण्याच्या आठ दिवस आधी एका पिंपात पाणी भरून दोन मुठी शेण व एक मूठ शेंगदाणा पेंड टाकावी आणि जुन्या तळ्यातले बादलीभर पाणी मिसळावे. डास अंडी घालू नयेत म्हणून पिंपाला फडके बांधावे. काही दिवसांत पाण्यात उड्या मारणारे पांढरट-तांबूस ठिपके दिसतात. हे प्राणीप्लवंग. पाणी आधी चहाच्या गाळणीतून गाळावे, म्हणजे पिल्लांना खाणारे मोठे किडे वेगळे होतात. मग दाट फडक्यातून गाळून, स्वच्छ पाण्याने धुऊन पेटीत सोडावे.

प्लवंग कमी पडले तर उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून पिळून द्यावा. पण एका वेळी चिमटीच्या टोकावर मावेल एवढाच. दिवसातून चार-पाच वेळा द्यावा, त्यातली शेवटची वेळ रात्रीची ठेवावी. अर्ध्या तासाने तळाशी खाऊ शिल्लक दिसला तर पुढच्या वेळी निम्मा करावा. लक्षात ठेवा, उपाशी राहून जितकी पिल्ले मरतात, त्याहून जास्त उरलेला खाऊ कुजून मरतात.

रोजचे काम

सकाळी व संध्याकाळी बारीक नळीने तळाची घाण ओढून काढावी. नळीच्या तोंडाला फडके बांधावे, नाहीतर पिल्लेही जातील. मेलेले पिल्लू दिसताच काढावे. रोज पाण्याचा तिसरा हिस्सा बदलावा. नवे पाणी मुरवलेले आणि त्याच तापमानाचे असावे. पेटीत साबणाचा किंवा तंबाखूचा हात घालू नये. त्या खोलीत डासांचे औषध फवारू नये.

पिल्ले कोपऱ्यात घोळका करून वळवळत असली तर घाबरू नका, ती त्यांची सवय आहे. पण पहिल्या दहा दिवसांत ती वर येऊन लटकू लागली तर पाणी बिघडले असे समजावे आणि लगेच निम्मे पाणी बदलावे. बाराव्या दिवसानंतर मात्र पिल्लू झटकन वर येऊन हवा घेते आणि खाली जाते. ते दिसले की जिवावरची वेळ टळली म्हणा.

मोठी पिल्ले लहानांना चावतात. आकाराने वेगळी वाढलेली पिल्ले दुसऱ्या भांड्यात काढावीत.

पुढे काय?

चौदा-पंधरा दिवसांत पिल्लू 10 ते 12 मिलिमीटरचे होते, मिशा स्पष्ट दिसतात. तरीही ते थेट शेततळ्यात सोडू नये. बेडूक आणि पाणकिडे फस्त करतात. महिनाभर सिमेंटच्या हौदात किंवा तळ्यात बांधलेल्या जाळीच्या हाप्यात वाढवून, बोटुकली झाल्यावरच तळ्यात सोडावे. एका पेटीने तळे भरणार नाही, हे खरे. पण पहिल्या वर्षी 300 पिल्लांवर हात बसला, तर पुढच्या वर्षी हौदात हजारो पिल्ले सांभाळता येतील.

एक सावधगिरी

बाजारात 'थाई मागूर' म्हणून जो झपाट्याने वाढणारा मासा खपवतात, तो आफ्रिकन मागूर. तो इतर मासे खाऊन टाकतो. केंद्र सरकारने सन 2000 मध्ये त्याच्या पालनावर बंदी घातली आहे. एवढ्याशा पिल्लात देशी कोणता आणि आफ्रिकन कोणता हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. म्हणून पिल्ले खात्रीच्या मत्स्यबीज केंद्रातूनच घ्यावीत, पावती मागावी आणि शंका असल्यास जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारावे. संशयाचे पिल्लू बिंदुसरेत, सिंदफणेत किंवा मांजरेत सोडून देऊ नये. पुराच्या पाण्याने ते गोदावरीपर्यंत जाईल, आणि नदीवर पोट असणाऱ्या आपल्याच भोई बांधवांचे नुकसान होईल.

तर मंडळी, चार बोटे पाणी, चौथ्या दिवशी खाऊ आणि रोज तळाची सफाई, एवढे बारा दिवस सांभाळा. हे पत्रक पेटीजवळच्या भिंतीला चिकटवून ठेवा आणि कोणत्या दिवशी किती पिल्ले दगावली ते त्यावर पेन्सिलीने लिहीत जा. पुढच्या खेपेला तीच नोंद तुमच्या कामाला येईल.