सातबाऱ्यावरचा आर, आकाशातला पिक्सेल

उजनी धरणाचं पाणी किती खाली गेलं, हे पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडलं की इंदापूरकरांना कळतं. तेच आता घरबसल्या मोजता येतं, तेही हेक्टर-आरमध्ये. युरोपचे सेंटिनेल-२ मालिकेतले उपग्रह साधारण दर ५ दिवसांनी उजनीवरून जातात, आणि त्यांच्या प्रतिमा फुकट मिळतात. त्यांचा सर्वांत बारीक पिक्सेल जमिनीवर १० मीटर लांब, १० मीटर रुंद असतो. १०० चौरस मीटर, म्हणजे सातबाऱ्यावरचा बरोबर एक आर! पाण्याचे पिक्सेल मोजा, १०० ने भागा, हेक्टर तयार.

प्रतिमा म्हणजे संगणकाच्या लेखी आकड्यांचा तक्ता. १०,९८० ओळी, तेवढेच स्तंभ. आणि प्रत्येक रंगाचा तक्ता वेगळा. सगळा उतरवायची गरज नसते. पायथन या संगणकभाषेतल्या ‘रास्टेरिओ’ या लायब्ररीला धरणाची चौकट दिली, की तेवढाच तुकडा वाचता येतो.

पाणी अवरक्त किरण जवळपास गिळून टाकतं, हिरवा प्रकाश थोडाफार परत पाठवतं. पिकांचं उलट. म्हणून हिरव्यातून अवरक्त वजा करायचं आणि दोघांच्या बेरजेने भागायचं. उत्तर शून्याच्या वर आलं तर पाणी. मॅकफीटर्स यांनी १९९६ मध्ये मांडलेलं हे सूत्र कोडमध्ये एका ओळीत बसतं.

नवशिक्यांना गंडवते तीच ओळ. हे आकडे ० ते ६५,५३५ अशा पूर्णांकांत साठवलेले असतात. उणे संख्येला तिथे जागाच नाही. शेतावर हिरवा ९०० आणि अवरक्त २,५०० असेल, तर वजाबाकी उणे १,६०० यायला हवी. संगणक मुकाट्याने ६३,९३६ देतो. चूक झाल्याची सूचनाही नाही. नकाशावर अख्खा इंदापूर तालुका पाण्याखाली! उपाय साधा: वजाबाकीआधी आकडे दशांशांत बदलून घ्यायचे.

पावसाळ्यात, नेमकं धरण भरताना, ढग आड येतात. तेव्हा सेंटिनेल-१ चं रडार कामी येतं. ते ढगांतून आरपार पाहतं. जलपर्णीवर मात्र तोड काढणं अवघड. ती पाण्यावर पसरली, की सूत्र तिला जमीन समजतं. आटलेल्या पात्रात केलेली गाळपेरही तशीच हिरवी दिसते. अशा वेळी लागोपाठच्या दोन तारखांच्या प्रतिमा शेजारी ठेवाव्यात. वाऱ्याबरोबर जलपर्णी जागा बदलते. गाळपेरीचं पीक जागचं हलत नाही.