बिरसीच्या धावपट्टीवरचे वैमानिक

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरले, ते एका इंजिनाच्या इवल्याशा ‘पस मॉथ’मधून. विदर्भाच्या वाट्याला हे वैभव १९४९ च्या जानेवारीत आले. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली टपालाची विमाने मध्यरात्री नागपूरला जमत, थैल्यांची अदलाबदल होई आणि ती पुन्हा आपापल्या वाटेला लागत. डाकोटा हे त्या रात्रीच्या फेऱ्यांचे विमान.

गोंदियाजवळची बिरसीची धावपट्टी त्याही आधीची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी शहरापासून सुमारे १२ किलोमीटरवर ती बांधली. युद्ध सरल्यावर तिला काम उरले नाही. सार्वजनिक बांधकाम खाते, मग एमआयडीसी असे हात बदलत २००५ मध्ये ती भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आली. गोंदियाचे प्रफुल्ल पटेल तेव्हा नागरी विमान वाहतूक मंत्री होते आणि धावपट्टीचे दिवस पालटले, त्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई कंपनी यांनी मिळून इथे राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था उभारली. अमेठी जिल्ह्यातल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमीचे विद्यार्थीही बिरसीहून उडू लागले. त्यामुळे इथले खरे नामांकित विमान म्हणजे डायमंड डीए-४०: एक इंजिन, चार आसने, काचतंतू आणि कार्बनतंतूंची हलकी काया.

त्याचे काम दिसायला अगदी एकसुरी. उड्डाण, दोन वळणे, धावपट्टीला समांतर उलटी दौड, पुन्हा दोन वळणे, उतरणे. चाके टेकली की लगेच पुन्हा वर. या फेरीला ‘सर्किट’ म्हणतात. बांधीत रोवणी करणाऱ्या बायांच्या डोक्यावरून दिवसभर ही घरघर चालते. मग एके दिवशी इन्स्ट्रक्टर खाली उतरतो आणि विद्यार्थी एकटाच वर जातो: पहिली सोलो. व्यावसायिक परवान्यासाठी एकूण २०० तास उड्डाणे लागतात, त्यांत रात्रीची आणि दूरच्या विमानतळांची क्रॉस कंट्रीही आली. १९८५ मध्ये कलकत्ता–सिलचर मार्गावर सर्व महिला कर्मचाऱ्यांसह फोकर फ्रेंडशिप नेणाऱ्या कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनाही आधी अशाच लहान विमानावर हात बसवावा लागला. आज त्या वाटेने कितीतरी मुली जात आहेत.

ही वाट जिवावरची आहे. १८ मार्च २०२३ रोजी बिरसीहून उडालेले प्रशिक्षण विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातल्या डोंगरात कोसळले; प्रशिक्षक आणि विद्यार्थिनी दोघेही गेले. विमानसेवेच्या गौरवगाथांत अशा मृत्यूंना क्वचितच जागा मिळते. ती मिळायला हवी.

प्रवासी सेवा मात्र अडखळतच आली. १३ मार्च २०२२ रोजी फ्लायबिगने इंदूर–गोंदिया–हैदराबाद फेरी सुरू केली, ती टिकली नाही. १ डिसेंबर २०२३ पासून इंडिगोचे एटीआर हैदराबादला आणि पुढे तिरुपतीला जाऊ लागले.

पण गोंदिया जिल्ह्यातल्या धान उत्पादकाच्या घरातून डीए-४० च्या आसनापर्यंत पोहोचणे अजून फार कठीण आहे, कारण प्रशिक्षणाचा खर्च कित्येक लाखांत जातो. नागपूरच्या ‘महाज्योती’ या संस्थेने इतर मागासवर्गीय, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलामुलींना नागपूर फ्लाइंग क्लबमधून व्यावसायिक वैमानिक करण्याची योजना काढली आहे. तिच्या जागा वाढाव्यात, आणि आमगाव-सालेकशाच्या शाळांपर्यंत तिची माहिती अर्जाची मुदत उलटण्याआधी पोहोचावी.