अक्षरांच्या रांगा आणि रंगांची साक्ष

प्राचीन ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध करावयाची असेल, तर संपादक त्याच्या अनेक पोथ्या जमवितो, ओळीखाली ओळ मांडतो आणि पाठभेद टिपतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती याच रीतीने सिद्ध केली. ते कार्य १९६६ साली पूर्ण झाले. सजीवांच्या पेशींतील मजकूर वाचताना जीवशास्त्रज्ञही हीच रीत अनुसरतात.

प्रथिन म्हणजे प्रामुख्याने वीस प्रकारच्या अमिनो आम्लांपासून बनलेली माळ होय. प्रत्येक आम्लास एक अक्षर नेमून दिलेले असल्यामुळे ही माळ अक्षरांच्या रांगेप्रमाणे लिहिता येते. रक्तातून प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनच्या अल्फा माळेत १४१ आणि बीटा माळेत १४६ आम्ले असतात. अल्फातील ८७ वे व बीटातील ९२ वे आम्ल हिस्टिडिन असून तेच लोहाला धरून ठेवते. योग्य ठिकाणी रिकाम्या जागा सोडल्या, म्हणजे ही दोन्ही स्थाने एकाच स्तंभात येतात. या मांडणीस अनुक्रमांची जुळवणी म्हणतात. १९८८ साली डब्लिन येथे तयार झालेली ‘क्लस्टल’ ही संगणकीय आज्ञावली अशी जुळवणी करून देते.

परंतु शेकडो रांगा समोर आल्या की मानवी दृष्टी थकते. येथे ‘जॅलव्ह्यू’सारखी साधने उपयोगी पडतात. १९९६ साली सुरू झालेली ही आज्ञावली विनामूल्य मिळते. ती अक्षरांना आम्लांच्या गुणधर्मांनुसार रंग देते. प्रत्येक स्तंभाखालील पट्टीची उंची पाहून तेथील साम्य किती टिकून आहे, ते कळते.

सिकलसेल आजाराचे उदाहरण घ्या. महाराष्ट्र, मध्य प्रदेश व गुजरात येथील आदिवासी भागांत तो आढळतो. बीटा माळेतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच फरक. पाण्याशी असलेल्या ओढीनुसार रंग दिल्यास निळ्या स्तंभात एकच तांबडी चौकट उठून दिसते. हे पाणी टाळणारे आम्लच प्राणवायू सोडलेल्या हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांस चिकटविते आणि तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात.

तथापि, रंग हा पुरावा नव्हे. मुळातील जुळवणी चुकली असेल, तर चुकीचे चित्रही तितकेच सुबक दिसते. कोणता फरक रोगास कारणीभूत आहे आणि कोणता निरुपद्रवी, हेही रंग सांगत नाहीत. ते प्रयोगांनी व रुग्णांच्या तपासणीनेच ठरते. सिकलसेलचे निदान रक्ततपासणीनेच करून घ्यावे.

शिक्षकांनी हिमोग्लोबिनच्या पाच-सहा रांगा फळ्यावर मांडून रंगीत खडूंनी विद्यार्थ्यांकडून भरून घ्याव्यात. एका अक्षराच्या बदलाने केवढा अनर्थ ओढवतो, हे त्यांना सहज उमगेल. आणि हा आजार शाप नसून रेणूतील बदल आहे, ही जाण घरोघरी पोहोचेल.