कृपादानांचा शोध : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

चिंचोळी औद्योगिक वसाहतीत पाळीने राबणारा आणि सोलापूरच्या एखाद्या मंडळीचा सभासद असणारा कामगार जेव्हा रात्रपाळी आटोपून रविवारी उपासनेस येतो, आणि प्रत्येकाने आपले कृपादान ओळखून सेवेस पुढे यावे हे पाळकसाहेबांचे आवाहन ऐकतो, तेव्हा ते आपल्यासाठी नव्हेच अशी खूणगाठ तो बहुधा मनाशी बांधतो. उपदेश करणारे, गाणारे, मोठ्याने प्रार्थना करणारे यांनाच काय ते कृपादान असते, ही त्याची समजूत आपल्या मंडळ्यांत इतकी रुजलेली आहे की, तिची झडती प्रथम घेतली पाहिजे.

शास्त्रलेख तिला दुजोरा देत नाहीत. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 12 व्या अध्यायात पौल स्पष्ट सांगतो की, आत्म्याचे प्रकटीकरण एकेकाला होते आणि ते सर्वांच्या हितासाठी होते. रोमकरांस पत्राच्या 12 व्या अध्यायात तर संदेश व शिक्षण यांच्या पंक्तीलाच सेवा, दानधर्म, कारभार आणि दया करणे ही दाने बसलेली आहेत. त्याही मागे, निर्गमाच्या 31 व्या अध्यायात, देवाच्या आत्म्याने परिपूर्ण झाला असे ज्याच्याविषयी म्हटले आहे तो बसालेल कोणी प्रवक्ता नव्हता. सोने, रुपे व पितळ घडविणारा, रत्नांना पैलू पाडणारा आणि लाकडावर कोरीवकाम करणारा तो कारागीर होता. लेथवर, जोडकामावर किंवा विजेच्या दुरुस्तीवर ज्याचा हात बसला आहे, अशा चिंचोळीच्या कामगाराने हा अध्याय एकदा सावकाश वाचावा, असे मला मनापासून वाटते.

दुसरा गैरसमज याच्या उलट टोकाचा आहे. अन्य भाषा बोलणे, अंगात कंप सुटणे, अश्रूंचा पूर लोटणे असे काही घडल्यावाचून कृपादान मिळालेच नाही, असे मानणारे पुष्कळ आहेत. त्यांनी सोलापूर-पुणे लोहमार्गावरील केडगावचा इतिहास अवश्य पाहावा. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि पुढे 1900 च्या सुमारास गुजरातेतून आणलेल्या अनाथ मुलींना पंडिता रमाबाईंनी तेथील मुक्ती सदनात आश्रय दिला होता. 1905 साली तेथे जे आध्यात्मिक जागरण झाले, त्यात पश्चात्ताप, सामुदायिक प्रार्थना आणि कालांतराने अन्य भाषा बोलणे हे सर्व घडले, व त्याची वार्ता परदेशांतही गेली. परंतु अन्य भाषा हीच पवित्र आत्म्याची अपरिहार्य खूण होय, असा दंडक रमाबाईंनी कोणावर लादला नाही. आणि ज्या सदनात हे जागरण झाले, तेथेच स्त्रिया शेती करीत, विणकाम करीत, छापखाना चालवीत. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर, त्यांच्या 1922 मधील निधनानंतर, 1924 साली प्रकाशित झाले, ते याच स्त्रियांच्या हातांनी जुळविलेल्या खिळ्यांतून. त्या हातांना आत्म्याचा स्पर्श नव्हता असे म्हणण्याचे धाडस कोण करील? सर्वच अन्य भाषा बोलतात काय, असा प्रश्न पौलाने स्वतःच विचारला आहे आणि त्याचे अपेक्षित उत्तर नकारार्थी आहे. अर्थ सांगणारा नसेल तर तसे बोलणाऱ्याने मंडळीत गप्प राहावे, असेही त्याने करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 14 व्या अध्यायात बजावले आहे.

अलीकडे प्रश्नावलीचा प्रघात पडला आहे. काही प्रश्नांना गुण द्यावेत, बेरीज करावी आणि आपले कृपादान हाती घ्यावे. पीटर वॅग्नर या अमेरिकन लेखकाने 1979 च्या आपल्या पुस्तकात 27 कृपादाने मोजली. तथापि रोमकर, करिंथकर व इफिसकर यांना लिहिलेल्या पत्रांतील याद्या परस्परांशी तंतोतंत जुळत नाहीत, आणि त्या पुऱ्या असल्याचा दावा पौल कोठेही करीत नाही. प्रश्नावलीने विचाराला चालना मिळेल. पण ती माणसाला त्याचे स्वतःविषयीचे मतच परत सांगते. प्रेषितांची कृत्ये, 6 व्या अध्यायात विधवांच्या रोजच्या अन्नवाटपाविषयी तक्रार उठली, तेव्हा स्तेफनासह सात जणांना मंडळीने निवडले. प्रथम गरज उभी राहिली, मग माणसे ओळखली गेली, आणि ओळखणारे होते ते इतर लोक.

उपजत गुण वेगळा आणि कृपादान वेगळे, या दोहोंमध्ये भिंतच आहे, हेही मला पटत नाही. नारायण वामन टिळक 1895 च्या बाप्तिस्म्यापूर्वीही कवी होतेच. तीच प्रतिभा पुढे अभंग व भजने होऊन मराठी मंडळ्यांच्या उपासनेत आली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांना पतीकडून जेमतेम अक्षरओळख झालेली. परंतु टिळक 1919 मध्ये निवर्तल्यावर त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य पुढे नेण्याचे काम या बाईंनी अंगावर घेतले. काम पुढ्यात येईपर्यंत एवढ्या विस्तृत रचनेचे सामर्थ्य आपल्या ठायी आहे, हे त्यांना कोणत्या परीक्षेने कळले असते?

सर्वांत घातक गैरसमज मात्र असा की, कृपादान म्हणजे सच्छीलतेचे प्रमाणपत्र आणि हुद्द्याची सनद. करिंथच्या मंडळीत कोणत्याही कृपादानाची उणीव नाही, असे लिहिणारा पौल त्याच पत्रात तिला बालकांसारखी अपक्व म्हणतो आणि तिच्यातील तट व कज्जे यांबद्दल खडसावतो. प्रीती, शांती, सहनशीलता, आत्मसंयमन ही आत्म्याची फळे गलतीकरांस पत्रात निराळी सांगितली आहेत. म्हणून उत्तम वक्तृत्वावर भुलून कोणाच्या हाती मंडळीचा जमाखर्च देऊ नये, आणि ज्याला चार वाक्ये धड बोलता येत नाहीत त्याला वडिलकीच्या पदासाठी अपात्र समजू नये.

शोधाची रीत तशी साधी आहे. शब्बाथशाळा, आजाऱ्यांच्या भेटी, दप्तर, ध्वनियंत्रणा, शोकाकुल घरी जाऊन बसणे, यांपैकी एक काम ठरावीक मुदतीसाठी पत्करावे. ज्यांची सेवा केली त्यांना व मंडळीतील वडिलांना, लाभ झाला का, असे विचारावे. आणि न झाल्यास संकोच न बाळगता दुसरे काम घ्यावे. पंचमंडळानेही सेवेच्या साऱ्या संधी रविवार सकाळच्या दोन तासांत कोंडून ठेवू नयेत. ज्यांच्या पाळ्या दर आठवड्याला बदलतात त्यांच्याकडे बुधवारी दुपारी रुग्णालयातील भेटीचे किंवा उपासनामंदिराच्या डागडुजीचे काम सोपवावे, आणि त्याची नोंद मंडळीच्या वार्षिक अहवालात उपदेशकांच्या नावांशेजारीच करावी.