जुनी दुर्बीण : तिची ओळख व जीर्णोद्धार

पितळेचें भांडें काळवंडलें कीं चिंच व राख घेऊन तें घासावयाचें, हा आपल्याकडील घराघरांतील जुना शिरस्ता आहे. तांब्या, परात, घंगाळ यांच्या बाबतींत तो योग्यच होय. परंतु घरांत जो गुण ठरतो तोच अन्य ठिकाणीं किती घातक होतो, हें आम्हीं वीस वर्षांपूर्वीं स्वतःच्या हातांनीं अनुभविलें.

त्या वेळीं आम्ही ज्या शाळेंत शिकवीत होतों, तेथील जुन्या सामानाच्या खोलींत एक पितळी दुर्बीण सांपडली. स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनांत ती मांडावी असें ठरलें, व दोन उत्साही विद्यार्थ्यांस हाताशीं घेऊन आम्हीं ती चिंच व विटेची भुकटी लावून आरशासारखी लखलखीत केली. पाहणाऱ्यांनीं वाहवा केली. मात्र एका जाणत्या गृहस्थांनीं ती हातांत घेऊन एकच प्रश्न विचारला : "मास्तर, हिच्यावरचें नांव कोठें गेलें?" नळीवर पूर्वीं बारीक कोरलेलीं अक्षरें होतीं. तीं आधींच झिजलेलीं होतीं. आमच्या घासण्यानें मधलीं अक्षरें पार नाहींशीं झालीं. त्याबरोबर काय नाहींसें झालें, हें समजण्यास जुन्या दुर्बिणीविषयीं थोडी माहिती हवी. ती विद्यार्थ्यांस व पालकांस व्हावी, एवढ्याचसाठीं हा लेख लिहीत आहों.

दुर्बिणींच्या मुख्य जाती दोन : आरशाची व भिंगाची. येथें विचार करावयाचा तो भिंगाच्या दुर्बिणीचा. तिच्या पुढील टोंकास मोठें वस्तुभिंग असतें. तें दूरच्या पदार्थाची प्रतिमा नळीच्या आंत पाडतें. मागील टोंकाचें लहान नेत्रभिंग ती प्रतिमा मोठी करून दाखवितें. पहिल्या दुर्बिणींत वस्तुभिंग एकाच काचेचें असे. प्रकाश कांचेंतून वळतांना त्यांतील तांबडा, निळा इत्यादि रंग कमीअधिक वळतात, म्हणून ताऱ्याभोंवतीं रंगीत झालर दिसे. भिंगाच्या दुर्बिणींतून हा दोष जाणार नाहीं, असें न्यूटनसारख्या पंडिताचेंहि मत होतें.

तो दोष दूर करण्याची युक्ति प्रथम चेस्टर मूर हॉल नांवाच्या इंग्रज वकिलास अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत सुचली. परंतु त्यानें तिचा गाजावाजा केला नाहीं. ती जगापुढें आणिली जॉन डॉलंड यानें. हा गृहस्थ मूळचा लंडन येथील रेशमी कापड विणणारा. गणित व प्रकाशशास्त्र यांचा अभ्यास त्यानें आपला धंदा सांभाळून केला. त्याचा मुलगा पीटर यानें १७५० सालीं चष्मे व दुर्बिणी यांचें दुकान काढलें, आणि १७५२ सालीं बाप माग सोडून मुलाच्या दुकानांत आला. १७५८ सालीं त्यानें आपले प्रयोग रॉयल सोसायटीपुढें मांडले व त्याच वर्षीं या भिंगाचा हक्क सरकारांतून मिळविला. युक्ति अशी कीं, क्राउन नांवाच्या काचेचें बहिर्गोल भिंग व फ्लिंट नांवाच्या काचेचें अंतर्गोल भिंग एकमेकांस लागून बसवावयाचें. फ्लिंट काच प्रकाश जितका वळविते त्या मानानें रंग अधिक फांकते. त्यामुळें पहिल्या भिंगानें फांकलेले रंग दुसरें भिंग पुष्कळसे एकत्र आणतें, आणि तरीहि प्रकाश वळण्याचें काम शिल्लक राहून प्रतिमा पडते.

असलीं यंत्रें आपल्या प्रांतांतहि आलीं होतीं. मुंबईच्या इंजिनिअर पलटणींतील अधिकारी विल्यम स्टीफन जेकब यांनीं १८४२ सालीं पुणें येथें स्वतःची वेधशाळा उभारिली. तेथें डॉलंडच्या पांच फुटी दुर्बिणीनें त्यांनीं २४४ युग्मताऱ्यांची, म्हणजे जोडीनें दिसणाऱ्या ताऱ्यांची, यादी तयार केली. पुढें ते मद्रास वेधशाळेचे प्रमुख झाले. पुण्याजवळ डोंगरावर वेधशाळा काढण्याच्या हेतूनें ते विलायतेहून परत आले, पण १८६२ च्या आगस्ट महिन्यांत पुण्यासच त्यांचें देहावसान झालें. 'पांच फुटी' म्हणजे वस्तुभिंगापासून प्रतिमेपर्यंतचें अंतर, ज्यास नाभ्यंतर म्हणतात, तें पांच फूट. जुन्या काळीं दुर्बिणीचें मोजमाप या लांबीवरून सांगत. तेव्हां एखाद्या माळ्यावर किंवा कपाटांत जुनी दुर्बीण निघाली तर ती क्षुल्लक समजूं नये.

आतां ओळखीच्या खुणा पाहूं. पहिली खूण नांवाची. डॉलंडच्या दुर्बिणींवर बहुधा नेत्रभिंगाजवळच्या नळीवर कारागिराचें व लंडन शहराचें नांव कोरलेलें असतें. परंतु हें नांव इतकें प्रसिद्ध झालें कीं इतर विक्रेते तें आपल्या मालावर घालूं लागले. कित्येकदां त्यांत एक अक्षर बदललेलें असे. खऱ्या नांवाच्या इंग्रजी अक्षरांत दुसरा स्वर 'ओ' आहे. नकली मालावर त्याच्या जागीं 'ए' आढळतो. सुज्ञ वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल कीं आमच्या दुर्बिणीवरचें नेमकें हेंच अक्षर गेलें! आरंभींचीं व शेवटचीं अक्षरें राहिलीं. ज्या एका अक्षरावर सर्व निर्णय अवलंबून होता, तें आम्हींच विटेच्या भुकटीनें पुसून टाकिलें.

नांव खरें असलें तरी त्यावरून काळ ठरत नाहीं. जॉन डॉलंड १७६१ सालीं वारला, पीटर १८२० सालीं. नंतर पीटरचा भाचा जॉर्ज यानें डॉलंड हेंच आडनांव घेऊन १८५२ पर्यंत धंदा चालविला, आणि १९२७ सालीं ही पेढी एचिसन नांवाच्या दुसऱ्या पेढीशीं जोडली गेली. म्हणून नांवाच्या जोडीस इतर साक्षी घ्याव्या लागतात.

दुसरी साक्ष आट्यांची. स्क्रूच्या आट्यांचें एकच प्रमाण असावें ही सूचना व्हिटवर्थ यानें १८४१ सालीं केली. तत्पूर्वीं प्रत्येक कारखाना आपापल्या मापाचे आटे पाडीत असे. यास्तव जुन्या नळींत एखादें नेत्रभिंग सहज व घट्ट बसलें, आणि त्याच्या पितळेचा रंग व घडण नळीशीं जुळली, तर तें मूळचेंच असण्याचा संभव फार. बसत नसेल तर बळ करूं नये; आटे एकदां मोडले कीं साक्षीदारच मेला.

तिसरी साक्ष वस्तुभिंगाची. अंधाऱ्या खोलींत भिंगासमोर मेणबत्ती धरून ज्योतीचीं प्रतिबिंबें मोजावीं. काचेच्या प्रत्येक पृष्ठापासून एक प्रतिबिंब मिळतें. दोन भिंगांमध्यें हवा असेल तर ठळक अशीं चार दिसतात. दोन्हीं भिंगें चिकटविलेलीं असतील तर तीनच, व त्यांतील मधलें अगदीं अंधुक. एकेरी भिंग असेल तर दोन. याप्रमाणें भिंगास हात न लावतां त्याची रचना कळते. नाभ्यंतर मोजण्यास वस्तुभिंगानें दूरच्या झाडाची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडावी व भिंगापासून कागदापर्यंतचें अंतर पट्टीनें घ्यावें. त्यास नेत्रभिंगाच्या नाभ्यंतरानें भागिलें कीं दुर्बीण किती पट मोठें दाखविते तें निघतें. पांच फुटी म्हणजे ६० इंची दुर्बिणीस एक इंची नेत्रभिंग लाविलें तर ६० पट.

चौथी साक्ष पेटीची. अनेकजण मोडकी पेटी फेंकून देऊन दुर्बीण तेवढी ठेवितात. ही मोठी चूक होय. पेटींतील खांचा ही यंत्राच्या उपांगांची यादीच असते. रिकामी गोल खांच सांगते कीं येथें आणखी एक नेत्रभिंग होतें. लांबट खांच बहुधा सुलटी प्रतिमा दाखविणाऱ्या लांब नळीची असते. आकाशाच्या नेत्रभिंगांतून पदार्थ उलटे दिसतात; जमिनीवरील देखावे पाहण्यास ही चार भिंगांची नळी लागते. नेत्रभिंगांत हॉयगेन्सच्या पद्धतीचें असेल तर त्यांतील दोन्हीं भिंगांच्या फुगीर बाजू वस्तुभिंगाकडे असतात. रॅम्सडेनच्या पद्धतीचें असेल तर त्या एकमेकींकडे तोंड करून असतात. हा जेसी रॅम्सडेन जॉन डॉलंडचाच जांवई.

पेटींत काळ्या काचेची एक टोपी सांपडली तर मात्र सावध राहावें. ती नेत्रभिंगावर लावून पूर्वीं सूर्य पाहत. वस्तुभिंगानें एकवटलेल्या उष्णतेनें ती काच एकाएकीं तडकते, आणि डोळा क्षणांत जातो. ती पेटींत जपून ठेवावी, पण तिच्यांतून सूर्य कधींहि पाहूं नये. मुलांच्या हातीं दुर्बीण देणाऱ्या पालकांनीं ही एक गोष्ट तरी विसरूं नये.

आतां जीर्णोद्धार. याचा पहिला नियम असा कीं हात लावण्यापूर्वीं पाहावें, आणि पाहिलेलें लिहून ठेवावें. सर्व बाजूंनीं छायाचित्रें घ्यावीं. सुटा भाग निघेल तसा चिठ्ठी लावून वेगळा ठेवावा. गंजलेला स्क्रू निघत नसेल तर रॉकेलचा एक थेंब सोडून रात्रभर वाट पाहावी, व खांचेंत नेमका बसेल असाच पेचकस वापरावा.

जुन्या पितळेवर जो सोनेरी तकाकीचा थर असतो तो मळ नव्हे. तें लाखेचें रोगण आहे. आपल्याकडे पळस व बोर या झाडांवर जे किडे लाख तयार करतात, तीच लाख स्पिरिटांत विरघळवून कारागीर ऊन केलेल्या पितळेवर लावीत. चिंच व भुकटी यांनीं घासलें कीं हा थर निघतो, आणि स्पिरिटाच्या बोळ्यानें तर तो विरघळूनच जातो. यास्तव नळी कोरड्या मऊ फडक्यानें, फार तर किंचित् ओलसर फडक्यानें, पुसावी व थांबावें. डाग राहिले तर राहूं द्यावे. आंतील सरकत्या नळीवरचें जुनें वाळलेलें वंगण मात्र काढून नवें अगदीं थोडें लावावें.

भिंगाविषयीं याहूनहि जपावें. पावसाळ्यांत आपल्याकडे, विशेषतः कोंकणांत, भिंगावर बुरशी धरते व ती काचेस चरे पाडते. म्हणून ती काढणें अवश्य आहे. प्रथम रबरी फुग्यानें धूळ उडवावी, मग मऊ कुंचला फिरवावा. नंतर शुद्ध केलेल्या पाण्यांत सौम्य साबणाचा थेंब घालून कापसाचा बोळा दाब न देतां एकदांच ओढावा, व प्रत्येक वेळीं नवा बोळा घ्यावा. राख, दंतमंजन किंवा सदऱ्याचें टोंक काचेस लावूं नये. दोन भिंगें आवश्यकता नसतां सुटीं करूं नयेत. करणें भागच पडलें तर आधीं दोहोंच्या कडांवर मिळून पेन्सिलीची एक तिरपी खूण करावी, आणि मध्यें कथिलाच्या पत्र्याचे चिमुकले तुकडे असल्यास तेहि त्यांच्या जागांसह टिपावे. भिंग उलटें बसलें तर उत्तम दुर्बीणहि आंधळी होते. कित्येक चांगलीं यंत्रें केवळ यामुळें 'बिघडलीं' म्हणून टाकून दिलीं जातात.

हरवलेला भाग कातारी मनुष्याकडून नवा करून घ्यावयास हरकत नाहीं. परंतु त्यावर आंतल्या बाजूस सालाचा आंकडा अवश्य घालावा, म्हणजे पुढील पिढीस तो जुना भासणार नाहीं. जुन्यासारखें नवें करून तें जुनें म्हणून दाखविणें हें कसब नव्हे, खोटी साक्ष होय.

सरतेशेवटीं परीक्षा. निरभ्र रात्रीं एखादा ठळक तारा पाहून नेत्रभिंग किंचित् आंतबाहेर सरकवावें. ताऱ्याभोंवतीं उमटणारीं वलयें सारखीं व वाटोळीं दिसलीं तर भिंगें जागेवर आहेत असें समजावें. मग गुरूचे चार चंद्र पाहावे. मे महिन्याच्या अखेरीस दक्षिण क्षितिजाजवळ नरतुरंग समूहांतील मित्र नांवाचा तेजस्वी तारा पाहावा. तो एक नसून दोन आहेत, हें लहानशी चांगली दुर्बीणहि दाखविते.

आमच्या त्या दुर्बिणीच्या वस्तुभिंगास आम्हीं सुदैवानें भुकटी लाविली नव्हती. त्याच हिवाळ्यांत ज्या दोन विद्यार्थ्यांनीं नळी घासली होती, त्यांनींच तिच्यांतून गुरूचे चंद्र पाहिले. त्यांतील एकानें विचारलें, "सर, मग ही दुर्बीण खरी कीं नकली?" आम्हांस सांगावें लागलें कीं, बाळा, भिंग चांगलें आहे, एवढेंच आतां सांगतां येतें, बाकीचें जें सांगणार होतें तें आपण पुसलें.

पालकांस विनंति एवढीच कीं, आपल्या माळ्यावर असें एखादें यंत्र असेल तर तें न घासतां, न धुतां, त्याच्या मोडक्या पेटीसकट जसेंच्या तसें शाळेंत घेऊन यावें. आपण तें मुलांसमवेत प्रथम वाचूं. हात त्यानंतर लावूं.